नाकाला बारीक भोक, उंची एकशे अडुसष्ट

आमच्या ह्यांच्या पँटच्या खिशात मी आजवर हजारदा हात घातला असेल. कपडे मशीनला लावायचे म्हणून, असं मी सांगते. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं सांगायचं तर, नवऱ्याच्या खिशात काय आहे हे बायकोला माहीत असावं असं मला लग्नापासून वाटत आलंय, आणि आता सत्तरीला टेकले तरी वाटणं कमी झालेलं नाही. फक्त हल्ली खिशात अॅसिडिटीच्या गोळ्यांशिवाय काही मिळत नाही.

ही गोष्टही गोळ्यांचीच आहे, पण वेगळ्या.

तेव्हा मी पन्नाशीच्या आतबाहेर होते. म्हणजे अक्कल यायचं वय उलटून गेलं होतं आणि अक्कल वाटेतच कुठेतरी थांबली होती. आम्ही बहरीनला, झिंजमध्ये राहायचो, आजही झिंजमध्येच राहतो, फक्त दोन गल्ल्या पलीकडे. हे बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते. टायपिंग, पत्रं, ईमेल, कस्टमचे कागद, सगळं ह्यांच्याकडे. मालकाला इकडे सगळे अरबाब म्हणतात, आम्हीही तसंच म्हणायचो. माणूस वयाने ह्यांच्यापेक्षा मोठा, बोलायला मऊ, पण एकदा "खलास" म्हणाला की विषय तिथे मेला. ह्यांच्या आधीच्या कारकुनाने एकदा त्याला चारचौघांत चूक दाखवली होती. पुढच्या महिन्यात तो आपल्या गावी केरळात होता. ह्यांचा व्हिसा अरबाबच्या हातात आणि माझा व्हिसा ह्यांच्या व्हिसाला बांधलेला, त्यामुळे आमच्या घरात अरबाबच्या तब्येतीची चौकशी देवाच्या आरतीइतकीच नियमाने व्हायची.

आमचा एकुलता एक मुलगा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, मनाम्यात नुकताच नोकरीला लागलेला. त्याच्यासाठी मुलगी मी मनात ठरवून ठेवली होती. माझ्या वहिनीची भाची, चिपळूणची. ह्यांना अजून सांगितलं नव्हतं. योग्य वेळी सांगणार होते, म्हणजे सगळं पक्कं झाल्यावर.

आणि त्याच दिवसांत हे बदलले.

पहिल्यांदा जेवण कमी झालं. सोलकढी न मागता उठायला लागले. कोकणातला माणूस सोलकढीवाचून पानावरून उठला की समजावं, एकतर ताप आहे नाहीतर पाप आहे. कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. मग संध्याकाळची बांग झाली की फोन घेऊन गॅलरीत जायचे आणि काचेचं दार मागे ओढून घ्यायचे. सत्तावीस वर्षांत ह्या माणसाने न्हाणीघराचं दारसुद्धा कधी नीट लावलं नव्हतं.

मी अर्थातच गॅलरीच्या खिडकीशी कोथिंबीर निवडायला बसले. घरात कोथिंबीर नव्हती. तेव्हा मेथी निवडली, आधीच निवडलेली.

पलीकडे ह्यांचे थोरले भाऊ होते, गावाहून, राजापूरच्या बाजूला आमचं गाव आहे. ह्यांचा आवाज तुटक तुटक यायचा.

"दादा, मॅच नको असंच माझं म्हणणं आहे... हो, दिसायला छान आहे, पण... ह्याला कोण सांगणार? ह्याच्या डोक्यात तीच बसलीय... नाही, बार उडवायचाच आहे, तर नीट उडू दे ना! ... वडिलांच्या पायाचं आठवतं ना तुला? ... हिला काही बोलू नकोस. हिला कळता कामा नये."

आता कुठल्याही मराठी बाईने सांगावं, ह्याचा अर्थ काय होतो? मॅच बघताहेत. पोराच्या डोक्यात कोणीतरी बसलीय. लग्नाचा बार उडवायचा आहे. आणि मला कळता कामा नये! मधलं ते वडिलांच्या पायाचं वाक्य मी ऐकलं, पण माझा कान तेव्हा असा होता की कामाचं तेवढंच आत घ्यायचा. सासरे पायाने अधू होते, एका रानडुकराने मांडी फाडली होती, हे मला माहीत होतं. मला वाटलं, लग्नात म्हाताऱ्यांना बसायला खुर्ची हवी म्हणत असतील. वास्तविक सासरे जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. पण संशय एकदा अंगात आला की मेलेल्यांनाही लग्नाला बसवतो.

दुसऱ्या दिवशी खिशात तो कागद मिळाला.

ह्यांची एक सवय सांगायला हवी. इंग्रजीत काहीही टाइप करायचं असलं की हे आधी ते मराठीत लिहून काढत. विचार मराठीत, बोटं इंग्रजीत, असं म्हणायचे. कागद चारदा घडी घातलेला होता, आणि त्यावर ह्यांच्या त्या सुवाच्य, कंटाळवाण्या अक्षरात हे होतं:

"मॅच. १६८. दिसायला सुरेख. नाकाला बारीक भोक, पण ते कामाचं नाही. कातडी पातळ. लांबून एकदम सरळ. आतला भरवसा नाही. कधी आरपार जाते, कधी वरच्यावर फुटते.

दुसरी. १८०. दिसायला साधी. नाक मऊ. कातडी जाड. आत गेल्यावर फुलते. वजन टिकवते. एकदा बसली की बसली.

माझं मत दुसरी. पण सांगायचं कसं? गुरुवारच्या आत कळवायचं."

मी मशीनचं झाकण उघडं टाकून तिथेच स्टुलावर बसले.

दोन मुली! एक जिची पत्रिका जुळलीय, म्हणून तिला नुसतंच "मॅच" म्हणताहेत. नाक टोचलेली, सुरेख, उंची एकशे अडुसष्ट. लांबून सरळ वाटते, पण जवळ गेलं की तडकते. आणि दुसरी साधी, जाड कातडीची, म्हणजे कितीही बोला, ढिम्म. घरात आली की फुलते आणि वजन टिकवून असते. आणि ही जाडजूड बया ह्यांना पसंत! माझ्या पोराला! मला न विचारता! आणि कळवायचं गुरुवारच्या आत. तो दिवस मंगळवार होता.

मी घरी ब्लाउज शिवायची, त्यामुळे टेप हाताशी होती. टेप दीडशेवर संपते. पुढचे अठरा आणि तीस बोटांनी मोजून मी स्वयंपाकघराच्या दारावर उंची बघितली. एकशे अडुसष्टवाली आमच्या फ्रिजइतकी निघाली. एकशे ऐंशीवाली दाराच्या वरच्या बिजागरीला लागली. कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने हिशेब करून फूट काढले, आणि ते आकडे घेऊन खालच्या मजल्यावर गेले.

खाली श्रीवर्धनची एक भाभी राहायची. तिचा नवरा गोल्ड सूकमध्ये, म्हणजे सोन्याच्या बाजारात, एका दुकानात होता. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी, आणि संशयाच्या बाबतीत माझी गुरू. तिने चष्मा लावून कागद वाचला, मग चष्मा काढून परत वाचला.

"अगो ताई, एकशे ऐंशी? ही पोरगी हाय का विजेचा खांब?"

"तेच म्हणते मी."

"आणि नाक मऊ म्हंजे काय गो?"

"चपटं असणार."

"मंग चपटं असं लिवलं नाय. सभ्य मानूस हाय हो तुमचा." तिने बोट पुढे सरकवलं. "पन हे बघ. 'वजन टिकवते.' लग्नाआधीच ही तऱ्हा!"

"आणि ही मॅच कधी आरपार जाते म्हणे, कधी वरच्यावर फुटते."

"ती तर सासूशी रोज भांडल." भाभीने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "तू दोनी नको बोल. आणि घरी नको बोलू. घरी बापय ओरडतात आनि टीवी लावतात. हापिसात जा. लोकांम्होरं त्यांचा आवाज चढत नाय."

हा सल्ला मला इतका पटला की मी तिच्याकडून शेवयांची खीर खाऊन वर आले आणि बुधवारचा दिवस पोराची झडती घेण्यात घालवला. हा आमचा मुलगा मराठी सगळं समजतो, उत्तर मात्र इंग्रजीत देतो, बहरीनला शाळा झालेली ना.

"काय रे, कुठली मॅच चाललीय?"

"आई, व्हॉट मॅच? आज मॅच नाहीये."

"क्रिकेटचं नाही विचारत. तुझी मॅच."

त्याच्या हातातला चमचा थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हू टोल्ड यू?"

झालं! आता मला कोणाच्या साक्षीची गरज नव्हती. बाप, काका आणि पोरगा, तिघे मिळून माझ्या पाठीमागे कट शिजवत होते. पोरगा का लाल झाला ह्याचं खरं कारण वर्षभराने घरात आलं. त्याच्याच ऑफिसातली, कारवारची, उंचीने माझ्या खांद्याला लागणारी. नाक टोचलेलं नाही. पण ते नंतर.

गुरुवारी सकाळी हे कामावर गेल्यावर मी ठेवणीतली हिरवी साडी नेसले. भांडायला जाताना चांगली साडी नेसावी असं माझं तेव्हाचं मत होतं. समोरचा अर्धा तिथेच नमतो म्हणे. टॅक्सीने बाबपर्यंत गेले, कमानीतून आत शिरले आणि मसाल्यांच्या, अत्तरांच्या दुकानांमधून अशी ताडताड चालत सुटले की एका शालवाल्याने आपण होऊन रस्ता दिला. वाटेत वाक्यं पाठ करत होते. अरबाब समोर असला तर हिंदीत बोलायचं, म्हणजे तोही पंच होईल.

जिना चढून वर गेले तर अरबाब खरंच समोर होता. मोठ्या टेबलामागे, हातात चहाचा छोटा पेला. हे त्याच्या बाजूला संगणकापुढे बसले होते, हात कीबोर्डवर, पण बोटं हलत नव्हती. ह्यांचा चेहरा मी असा पूर्वी एकदाच पाहिला होता, सासऱ्यांना खांदा देताना.

"यल्ला, जल्दी भेजो," अरबाब म्हणत होता. "लिखो मॅच. बस, खलास."

मॅच! म्हणजे अरबाबसुद्धा ह्यात! माझ्या पोराचं लग्न ह्या माणसाच्या टेबलावरून ठरतंय! माझी सगळी पाठ केलेली वाक्यं उडाली.

"ये मॅच नहीं चलेगा!" मी दारातूनच म्हणाले.

हे अर्धे उठले आणि तसेच राहिले.

अरबाबने पेला खाली ठेवला. "क्या मुश्किल? तुमको कौन बोला मॅच?"

"मेरेको सब मालूम है. इन्होंने कागद पे लिखा है." मी पर्समधून कागद काढला.

"क्या लिखा?"

आणि मी वाचलं. उभ्या उभ्या, हिरव्या साडीत, मराठीचं हिंदी करत. "दिखने में सुंदर है. दूर से एकदम सीधा. लेकिन अंदर का भरोसा नहीं. कभी आरपार जाता है, कभी ऊपर-ऊपर फूटता है. ऐसा मॅच मेरेको मंजूर नहीं!"

अरबाब माझ्याकडे बघत राहिला. रागावलाय की काय, कळेना. मग त्याने फार हळू विचारलं, "और दूसरा?"

"दूसरा मोटी चमड़ी का है, नाक एकदम नरम..." आणि इथे मी श्वास घेतला, कारण पुढचं वाक्य होतं, वो भी नहीं चलेगा, मेरी भाभी की भांजी है, चिपळूण में.

तो श्वास देवानेच घ्यायला लावला. कारण श्वास घेताना नजर खाली गेली, आणि अरबाबच्या टेबलावर एक मोठं रंगीत पुस्तक उघडं पडलं होतं. पानभर दोन चित्रं, बंदुकीच्या गोळ्या मधोमध उभ्या चिरून दाखवलेल्या, वाळकासारख्या. एकीचं टोक निमुळतं, त्याला बारीक भोक, वरचं तांब्याचं पान पातळ. खाली वजन, १६८ ग्रेन. दुसरीचं टोक उघडं, शिशाचं, तांब्याचं पान जाड. खाली १८० ग्रेन.

गोळी. ती गोळी. स्त्रीलिंगी. फुलते, फुटते, बसते. जन्मभर मराठी बोलून मी एका शब्दाच्या लिंगावर आपटले होते.

मी समोरच्या खुर्चीत बसले, आणि तोंड मिटलं. ते मिटलं म्हणून आज हे लिहिते आहे.

तेवढ्यात हे उठले. माझ्या हातातला कागद त्यांनी काढून घेतला आणि अरबाबसमोर ठेवला.

"वो मैंने लिखा है, अरबाब," ते त्यांच्या कारकुनी हिंदीत म्हणाले. "तीन दिन से बोलने वाला था. बोला नहीं."

मग मला सगळं कळत गेलं, जसं अरबाबला कळत होतं तसंच. अरबाब दरवर्षी थंडीच्या आधी परदेशात डोंगरात मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचा. बंदूक आणि गोळ्या तिथलेच लोक ठेवत, इकडून फक्त कळवायचं. गेल्या वेळी तिथल्या मैदानात कागदी टार्गेटवर त्याने मॅचच्या गोळ्या मारल्या होत्या, नेमबाजीच्या स्पर्धेत वापरतात त्या, आणि पाचही एकाच ठिकाणी बसल्या होत्या. तेव्हापासून त्याच्या डोक्यात तीच. तिथल्या वाटाड्याने तीनदा ईमेल केली होती की जनावराला ह्या नकोत, शिकारीच्या मऊ नाकाच्या न्या. तिन्ही ईमेल ह्यांच्या हातून गेल्या होत्या, आणि तिन्ही वेळा अरबाबने सांगितलं होतं, त्याला म्हणावं सांगितलं तेवढं कर.

"अरबाब, कागद भागता नहीं," हे म्हणाले. "जनावर भागता है. उस भोक का काम फूलना नहीं, वो बनाते टाइम रह जाता है. कभी सुई जैसा निकल जाएगा, कभी कंधे की हड्डी पे फूट जाएगा. जनावर गिरेगा नहीं. झाड़ी में जाएगा. फिर उसके पीछे कोई जाएगा."

"तुमको कैसे मालूम?" अरबाबचा आवाज अजून मऊ होता, आणि मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटली.

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे बघत सांगितलं. हे एकोणीस वर्षांचे होते. घरी शेतीच्या राखणीला परवान्याची ठासणीची बंदूक होती. भातात डुक्कर आलं. सासऱ्यांनी बंदूक ह्यांच्या हातात दिली, पहिल्यांदाच. ह्यांनी बार काढला, लागला. सगळे म्हणाले, लागला, लागला. लागला होता, पण बसला नव्हता. गोळी मासातून पलीकडे गेली. डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरलं, आणि मागावर सासरे गेले, कारण मुलाने केलेलं अर्धवट काम पुरं करणं बापाचं असतं. जाळीतून ते डुक्कर सरळ त्यांच्या मांडीवर आलं.

"ते मला एक शब्द बोलले नाहीत," हे म्हणाले. हे वाक्य मराठीत निघालं, अरबाबला कळलं नसावं. कदाचित कळलंही असेल.

मी त्या मांडीला आठ वर्षं तेल लावलं होतं. दर मे महिन्याच्या सुट्टीत, गावी, पडवीत बसून. सासरे म्हणायचे, डुकराने फाडली, आणि तंबाखू मळायचे. कोणी गोळी मारली होती हे त्या घरात एकानेही कधी सांगितलं नाही, आणि मी, जिला नवऱ्याच्या खिशातला प्रत्येक कागद माहीत, तिला हे माहीत नव्हतं.

अरबाबने पुस्तक जवळ ओढलं. पुस्तकाचं पान उलटलं, परत उलटलं.

"आज मत भेजो," तो म्हणाला. "इंशाल्ला."

हा इंशाल्ला कुठला होता? इकडे राहणाऱ्याला ठाऊक आहे, त्याचे दहा अर्थ होतात आणि त्यातले सहा नकाराचे असतात. आम्ही दोघं जिना उतरलो. खालच्या गल्लीत ह्यांनी मला करक, म्हणजे कडक दुधाचा चहा, पाजला. पुढे शुक्रवार-शनिवार सुट्टी. ते दोन दिवस आम्ही घरात असे वावरलो की जणू कोणी आजारी आहे. मी मनात सामान बांधलं, कुठलं भांडं न्यायचं, कुठलं भाभीला द्यायचं. ह्यांनी कपाटातली कागदपत्रांची फाइल काढून पासपोर्ट जागेवर आहेत ना बघितले. फोन वाजला की दोघंही घ्यायला जात नव्हतो.

शनिवारी ह्यांनी सोलकढी मागितली. मी दोन वाट्या दिल्या.

तेव्हाच त्यांनी विचारलं, "तुला गोळ्यांचं कधीपासून कळायला लागलं?"

आता खरं सांगायची हीच वेळ होती. आजची मी असते तर सांगितलं असतं, पोट धरून हसत. तेव्हाची बाई पदर सारखा करून म्हणाली, "सत्तावीस वर्षं तुमच्याबरोबर काढली. तुम्ही जेवत नाही म्हटल्यावर मी काय गप्प बसणार होते? तुमच्याने बोलवत नव्हतं, म्हणून मी बोलले."

ते माझ्याकडे बघत राहिले. वाटी तोंडाला लावली तरी वाटीच्या कडेवरून बघत होते. त्या बघण्याचा मला तेव्हा अभिमान वाटला, म्हणजे बघा.

रविवारी अरबाबने ह्यांना केबिनमध्ये बोलावलं. एकच वाक्य. "लिखो, एक सौ अस्सी." व्हिसाचा विषय निघाला नाही. पुढे महिन्याभराने तो शिकारीहून परतला, तेव्हा ह्यांच्या टेबलावर बहरीनी हलव्याचा डबा ठेवला आणि सांगितलं, हरीण दोन पावलं गेलं आणि बसलं, झाडीत कोणाला जावं लागलं नाही. "ये माम के लिए. बोलो, दूसरा अच्छा था." माम म्हणजे मॅडम, म्हणजे मी. त्यानंतर कितीतरी वर्षं, ऑफिसात नवं काही घ्यायचं झालं, एसी असो की कापडाचं गाठोडं, की तो ह्यांना विचारायचा, "माम क्या बोलता? चलेगा?"

मी हे सगळीकडे सांगत सुटले. अरबाबला तोंडावर कोणी बोललं असेल तर मी. नवऱ्याची नोकरी, आमचं इथलं बिऱ्हाड कोणी वाचवलं असेल तर मी. भाभीने एकदाच विचारलं, "पन ताई, ती विजेच्या खांबाची पोरगी?" मी तिला हलव्याची दुसरी वडी दिली. सूनबाई आली, तिला सांगितलं. नात झाली, तिला सांगितलं. हे शेजारी बसून ऐकायचे आणि मान हलवायचे. "हो, हो. तुझ्या आजीला बंदुकीचं बरंच कळतं."

गेल्या आठवड्यात ह्यांचं रेसिडेंट कार्ड रिन्यू करायचं होतं. मुलाने जुने पासपोर्ट मागितले, म्हणून मी ती फाइल काढली. तिच्यात, सर्वांत मागच्या प्लॅस्टिकच्या खिशात, तो कागद होता. चार घड्या, पिवळा झालेला. नात जवळच होती, तिने उलगडला आणि उलटा धरला.

"आजी, हू इज सिक्स फीट?"

मागच्या बाजूला माझ्या पेन्सिलीचं अक्षर होतं, ते मी पार विसरले होते. "१६८ = साडेपाच फूट. पोरापेक्षा तीन बोटं कमी. चालेल, पण तापट. १८० = जवळजवळ सहा फूट! मुळीच नको. दोन्ही नकोत. चिपळूण."

आणि त्याखाली निळ्या शाईत, ऑफिसच्या प्रत्येक कागदावर करायचे तसा, ह्यांचा शेरा. "नोटेड." सही. तारीख. त्याच गुरुवारची.

म्हणजे त्यांना माहीत होतं. सोलकढी पिताना वाटीवरून ज्या नजरेने बघत होते ती नजर म्हणजे ही शाई होती. इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून मान हलवत होता, आणि मी त्याच्या तोंडावर, नातीदेखत, फुशारक्या मारत होते.

आणि मी त्यांना कधी विचारलं नाही की एकोणीस वर्षांच्या वयात तो चाप ओढून पुढे कसे जगलात. त्यांनी मला कधी विचारलं नाही की हिरवी साडी नेसून खरं कशाला आली होतीस. कागदाच्या एका बाजूला त्यांचं, एका बाजूला माझं.

नातीला मी सांगितलं, कोणी नाही, जुना हिशेब आहे. मग पेन्सिल घेतली, आणि सहीच्या खाली लिहिलं, "पाहिलं. मांडीला तेल लावताना सांगितलं असतंत तरी चाललं असतं." कागद होता तसा घडी घालून परत आत ठेवला.

कार्ड झालं. फाइल ह्यांनी स्वतः कपाटात ठेवली, काल संध्याकाळी. तेव्हापासून काही बोलले नाहीत. आज दुपारी मात्र जेवताना सोलकढीची वाटी तोंडाला लावली आणि कडेवरून माझ्याकडे बघत राहिले. आता त्या नजरेचा अर्थ काय, ते मला कळायला हवं. उद्या त्यांची पँट मशीनला लावायची आहे.